बारा वाजताची फायनल

चंद्रशेखर रामटेकेची आणि माझी पहिली भेट म्हणजे सरळ भांडणच होतं.

एकोणीसशे चौऱ्याण्णवचा एप्रिल. रात्रपाळी संपवून, चार्ज द्यायला उशीर झाला म्हणून साडेनऊला मी हॉस्पिटलमधून निघाले होते. लूनाचं हँडल हाताला चटके देत होतं. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या फुटबॉलच्या मैदानाच्या कडेनं जाताना मला जाळीला धरून वाकलेली एक मुलगी दिसली. निळी जर्सी, गुडघ्यापर्यंत मोजे, चेहरा लालबुंद. ती ओकत होती.

मी लूना थांबवली आणि माझी पाण्याची बाटली जाळीतून तिच्याकडे सरकवली. तिनं बाटलीकडे पाहिलं... आणि मान हलवली.

"सर रागावतील. हाफ टाइमच्या आधी पाणी नाही प्यायचं."

"कोण सर?"

तिनं बोट दाखवलं. मैदानाच्या मधोमध, भर उन्हात, डोक्यावर टोपीसुद्धा नसलेला एक उंच, सावळा माणूस शिट्टी तोंडात धरून उभा होता. मी फाटकातून आत गेले, हॉस्पिटलच्या पांढऱ्या साडीतच.

"तुम्ही या मुलींचे सर?"

"हो. काहून?"

"ती मुलगी तिकडे उलट्या करून राहिली आहे, आणि तुम्ही तिला पाणी पिऊ देत नाही."

"पाणी पिऊन धावलं की पोट जड होते, मॅडम. आम्ही पण असंच शिकलो."

"मग चुकीचं शिकलात."

खेळ थांबला. पंधरा-सोळा मुली कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज चढला नाही.

"आणि तुम्ही कोण?"

"नर्स आहे मी. अशी तापलेली लेकरं माझ्या वॉर्डात येतात दर उन्हाळ्यात. मी त्यांच्या अंगावर बर्फ घासते. आणि तरी कधी कधी..."

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा जाळीजवळच्या मुलीकडे पाहिलं, आणि शिट्टी वाजवली. "चलो, सब लोग पानी पी लो." मुली नळाकडे अशा धावल्या की तेवढ्या जोरात त्या बॉलमागेही धावल्या नसतील.

मी परत निघाले, तर तो फाटकापर्यंत मागे आला.

"सिस्टर... उद्या पण याल का?"

"कशाला?"

"म्हणजे... ओरडायला. अजून काय काय चुकीचं शिकलो, ते पण समजेल."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. "ड्यूटी संपली की मी सिस्टर नसते."

"मग काय असता?"

"विनीता. विनीता गजभिये." लूनाला दोन वेळा पेडल मारूनही ती सुरू होईना, आणि त्यानं न विचारता मागून धक्का दिला.

दुसऱ्या दिवशी मी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. घरी आई विचारायची, "काहून एवढा उशीर होऊन राहिला तुला?" मी म्हणायचे, "चार्ज द्यायला वेळ लागते." आई, म्हणजे सुमनबाई, भंडाऱ्याहून लग्न होऊन जबलपूरला आली त्याला तीस वर्षं झाली होती. ती फक्त 'अच्छा' म्हणायची आणि माझ्या पानात अजून एक पोळी टाकायची.

सगळ्यात आधी आम्ही वेळ बदलली. सरावाला मुली आठ वाजता यायच्या, ते पहाटे साडेपाच केलं; माझी रात्रपाळीही तोवर संपून दुपारची ड्यूटी लागली होती. "रांझीहून सायकलनं येतात पोरी. एवढ्या सकाळी कोण येईल?" तो म्हणाला होता. सगळ्या आल्या. मग कडुलिंबाच्या सावलीत दोन माठ आले, त्यांना ओलं पोतं गुंडाळलेलं. एका लिटरला सहा छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वरून लिंबू. मुली त्याला 'ताईचं पाणी' म्हणायला लागल्या. आईच्या जुन्या सुती साड्या फाडून मी पंचे केले. ते पाण्यात बुडवून मुली मानेवर टाकायच्या. दर वीस मिनिटांनी शिट्टी वाजायची, आणि तहान असो-नसो, प्रत्येकीनं प्यायचंच.

हॉस्पिटलनं मोडीत काढलेला वजनकाटाही मी मागून आणला. खेळायच्या आधी एकदा वजन, नंतर एकदा. पहिल्या दिवशी जाळीजवळची ती मुलगी, वसुधा डोंगरे तिचं नाव, दीड किलोनं कमी भरली. चंद्रशेखर काट्याकडे बघतच राहिला.

"दीड किलो कुठं गेलं?"

"घामात. तेवढं परत द्यायला लागते. नाही दिलं तर अंग तापते आणि मग डोकं काम नाही करत."

"आणि मी पाच वर्षं..." त्या दिवशी तो खूप वेळ माठाजवळ बसून होता.

एकदा मी मुलींना जवळ बसवून सांगत होते, "लघवीचा रंग बघायचा. गर्द पिवळा असला तर समजायचं, पाणी कमी पडून राहिलं." मुली खी-खी करून एकमेकींच्या अंगावर पडल्या. चंद्रशेखर चटकन उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. परत आला तेव्हा मी विचारलं, "कुठं गेला होतात?"

"गोलपोस्ट मोजायला."

"दोनच असतात, चंद्रशेखरजी."

"हो... पण मोजलेले बरे."

असा तो होता. अठ्ठावीस वर्षांचा, एका शाळेत पाच वर्षं टेम्पररी पीटी शिक्षक. वडील डिफेन्स फॅक्टरीत होते, ते वारल्यावर घरात तो आणि आई. मुलींशी तो हिंदीत बोलायचा, माझ्याशी मराठीत, आणि गडबडला की दोन्ही एकदम. मी पाणी ढवळताना तो पंचे पिळत बसायचा. पिळून पिळून हाताच्या बोटांना सुरकुत्या पडायच्या, तरी त्याला अजून एक पंचा सापडायचाच... आणि मला ढवळायला अजून एक माठ.

वसुधा हे सगळं बघायची. पंधरा वर्षांची होती, पण नजर मोठी. वडील नीलकंठ फॅक्टरीत, आई गीताबाई एका होस्टेलात स्वयंपाकाला. मैदानात सगळ्यात जास्त तीच पळायची. "ताई," ती मला एकदा म्हणाली, "सर तुम्ही आल्यावर केस नीट करतात. मॅच असली तरी नाही करत." आणि बॉल घेऊन पळाली.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्यानं विचारलं, "रविवारी टीमला भेडाघाट दाखवायचा आहे. सोबत कोणी बाई माणूस पाहिजे. याल?"

मी बस स्टँडवर गेले तर तो एकटाच. इस्त्री केलेला शर्ट, हातात पाण्याची बाटली.

"टीम कुठं आहे?"

"टीमला..." त्यानं मान खाजवली, "टीमला सांगितलंच नाही मी."

मी परत जायला पाहिजे होतं. गेले नाही.

धुआंधार धबधब्याजवळ पाण्याचा फवारा तोंडावर येत होता. इतक्या उन्हाळ्यातही तिथं अंगावर काटा येत होता. आम्ही कठड्याला टेकून उभे होतो, मध्ये एक वीत अंतर ठेवून.

"यंदा शहरातल्या स्पर्धेची फायनल जिंकली," तो म्हणाला, "तर चार-पाच पोरींचा राज्याच्या टीमसाठी नंबर लागेल. वसुधाचा तर नक्की. आणि शाळेनं म्हटलं आहे, मला पक्कं करतील. पाच वर्षांपासून म्हणून राहिले तसं... पण या वेळी खरं वाटते." मग पाण्याकडे बघत म्हणाला, "मग मी तुमच्या घरी येईन म्हणतो."

"कशाला?"

"तुमच्या आईला विचारायला."

"काय?"

"जुन्या साड्या अजून आहेत का म्हणून."

मी हसले, आणि हसताना कठड्यावरचा माझा हात त्याच्या हाताला लागला. तो तिथंच राहिला. दोघांचेही हात ओले होते. माझ्या सगळ्या आयुष्यातलं सुख एका जागी गोळा करायचं म्हटलं तर ते तेवढंच आहे, त्या कठड्यावर. त्यानंतर फक्त पंधरा दिवस उरले होते.

फायनल बावीस मेला होती, रविवारी. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायला तीन दिवस होते. सामना सकाळी सातला, शहरातल्या एका मोठ्या मैदानावर. मी रजा घेतली होती. पहाटेच बर्फाच्या दोन लाद्या पोत्यात गुंडाळून रिक्षानं आणल्या, माठ भरले, पंचे भिजवले. चंद्रशेखर म्हणाला, "एवढी तयारी तर बारातीची पण नसते."

साडेसहाला वसुधा मला हळूच पॅव्हेलियनच्या मागे घेऊन गेली.

"ताई, रात्रीपासून पोट बिघडलं आहे. चार वेळा जाऊन आली. सरांना नका सांगू ना, प्लीज... आज सिलेक्टर आए हैं."

मी तिची नाडी पाहिली. जरा जलद होती. ताप नव्हता, जीभ थोडी कोरडी. पोट बिघडलेलं असताना उन्हात खेळायचं नाही, हे मीच या मुलींना दहा वेळा सांगितलं होतं. पण मी विचार केला, सातला सुरू, साडेआठपर्यंत संपेल. ऊन चढायच्या आत. मी तिला ताईचं पाणी दोन ग्लास पाजलं आणि म्हटलं, "मॅच झाली की सरळ घरी जाऊन झोपायचं." तिनं माझ्या गळ्यात हात टाकले.

सात वाजले, आठ वाजले. प्रमुख पाहुणे आले नव्हते. दोन्ही टीमना संचलनासाठी मैदानात ओळीत उभं केलं होतं. पाहुण्यांसाठी शामियाना होता, त्यात खेळाडूंना बसायची मनाई. मी दर थोड्या वेळानं ओळीतून पाणी फिरवत होते, पंचे बदलत होते. दहाला माठ संपले. नळाला पाणी होतं, पण चहासारखं गरम. अकरापर्यंत बर्फाचं पोतं नुसतं ओलं उरलं.

सव्वाअकराला गाडी आली. हार झाले, भाषण झालं, खेळाडूंशी हस्तांदोलन झालं. चंद्रशेखर आयोजकांच्या सचिवाकडे गेला. मी मागेच होते.

"सर, मैच शाम को रख दीजिए. बच्चियाँ सुबह छह बजे से धूप में हैं."

"मुख्य अतिथि शाम तक थोड़े ही रुकेंगे. नहीं खेलना है तो लिखकर दे दो, ट्रॉफी उधर चली जाएगी."

तो माझ्याकडे आला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. डोळे लाल. त्या दिवसापर्यंत तो मला 'तुम्ही' म्हणायचा.

"विनीता, तू सांग. पोरी ठीक आहेत ना सगळ्या? तू नाही म्हटलं तर मी आत्ता लिहून देतो."

त्याच्या खांद्यावरून मला वसुधा दिसली. ती माझ्याकडे बघत होती. तिनं अगदी थोडी मान हलवली... नाही, सांगू नका. मग मी त्याच्याकडे पाहिलं. पाच वर्षं टेम्पररी राहिलेला तो माणूस. भेडाघाटच्या कठड्यावरचा. 'मग मी तुमच्या घरी येईन' म्हणणारा. मला त्याच्या चेहऱ्यावरचं ते सगळं विझलेलं बघायचं नव्हतं.

"ठीक आहेत," मी म्हटलं. "खेळू द्या."

बाराला दहा मिनिटं कमी असताना शिट्टी झाली.

पहिल्या अर्ध्यात काही झालं नाही. हाफ टाइमला मी वसुधाला पाणी दिलं, तिनं प्यायलं, आणि म्हणाली, "ताई, थंडी वाजून राहिली." ऊन लागल्याची ती खूण होती, मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. मी तिचा हात धरला, पण रेफरीनं बोलावलं आणि ती हात सोडवून गेली.

दुसऱ्या अर्ध्यात सतरा-अठरा मिनिटं झाली असतील. तिला मोकळा बॉल मिळाला, आणि ती बॉल घेऊन आपल्याच गोलकडे पळायला लागली. लोक हसले. तीही हसत होती... पण ते हसणं तिचं नव्हतं. मी ओळखलं. मी मैदानात धावले. मी पोचायच्या आधी ती गुडघ्यावर बसली आणि तशीच कलंडली.

अंग असं तापलं होतं की हात ठेववेना. मी बर्फासाठी ओरडले, आणि ओरडतानाच मला माहीत होतं की बर्फ नाही. चंद्रशेखरनं तिला उचलून शामियान्यात नेलं. मोजे काढले, बूट काढले, बादल्यांनी पाणी ओतलं, ओले पंचे टाकले, टीममधल्या मुली जर्स्या काढून बनियनवर तिला वारा घालत होत्या. ते पाणीच गरम होतं. पाहुण्यांची गाडी तोवर गेली होती. अर्ध्या तासानं एक ऑटो मिळाला. ऑटोत तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि एकच म्हणत होता, "वसू, आँख खोल... वसू, सर आहे ना मी." मी पाणी ओतत राहिले, आमच्या पायांशी ते साचत गेलं.

माझ्याच वॉर्डात नेलं. थर्मामीटरनं एकशे सात दाखवलं.

तीन दिवस ती होती. बुधवारी सकाळी नवाच्या सुमारास गेली. त्या दिवशी नवतपा लागला.

पेपरात आलं, 'कोच की लापरवाही'. शाळेनं त्याला काढून टाकलं. तसं पाहिलं तर टेम्पररी माणसाला काढायला कागदही लागत नाही. आयोजकांनी चौकशी बसवली आणि त्याचा जबाब मागितला. तो कोणाशी बोलत नव्हता. मी दोनदा त्याच्या घरी गेले, दोन्हीदा त्याच्या आईनं दारातूनच सांगितलं, "झोपला आहे." आत खाट करकरल्याचा आवाज येत होता.

दहाव्या दिवशी दुपारी तो गढ्याला आमच्या घरी आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. आईनं चहा ठेवला आणि ती मागच्या अंगणात गेली.

"जबाब लिहिला मी," तो म्हणाला. "सगळी जबाबदारी माझी, असं लिहिलं. हे संपलं की मी जाईन इथून. बालाघाटला मामा आहे." मग खाली बघत म्हणाला, "चल माझ्या सोबत. लग्न करू. असं मागायचं नव्हतं मला... पण दुसरं काही उरलं नाही आता. तूच आहे."

किती वेळा मी हे शब्द मनात ऐकले होते. भेडाघाटहून परतताना बसमध्ये, माठ घासताना, वॉर्डात सलाइन लावताना. मला वाटायचं, त्या वेळी मी लाजेन, काही तरी फिरवून बोलेन, त्याला जरा ताटकळवेन. प्रत्यक्षात माझ्या तोंडून पहिलं निघालं ते त्या कागदाबद्दल.

"तो कागद देऊ नका," मी म्हटलं. "जबाबदारी तुमची नाही. वसुधानं सकाळीच मला सांगितलं होतं. तिचं पोट बिघडलं होतं, रात्रीपासून. मला माहीत होतं, आणि तुम्ही विचारलं तेव्हा मी ठीक आहेत म्हटलं. मी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही लिहून देणार होते."

मला वाटलं, तो उठेल. ओरडेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पाहिलं होतं मी. सहालाच ती दोनदा मागं पळाली होती. तोंड उतरलं होतं तिचं. आणि मग तुला घेऊन गेली पॅव्हेलियनच्या मागे." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "मला माहीत होतं, विनीता. म्हणूनच मी तिला नाही विचारलं. तुला विचारलं."

अंगणात आईनं बादली ठेवल्याचा आवाज आला.

"तू हो म्हणशील, हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "मला काय पाहिजे आहे, ते तुला माहीत होतं ना."

त्यानं मला दोष दिला नाही, मी त्याला दिला नाही. इतका भरवसा टाकून मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं, आणि कोणासाठी मी इतक्या सहज खोटं बोलले नव्हते. चहा गार झाला. जाताना त्यानं तो कागद फाडला आणि म्हणाला, "उद्या गीताबाईकडे जाऊ. दोघंही."

रांझीच्या क्वार्टरमध्ये आम्ही सकाळी गेलो. नीलकंठराव खाटेवर बसले होते. गीताबाईंनी रिवाजाप्रमाणे दोन ग्लास पाणी आणून आमच्या पुढं ठेवलं. मी आधी सांगितलं, मग त्यानं. काही लपवलं नाही. नीलकंठराव ऐकता ऐकता उठले आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

गीताबाईंनी पदर तोंडाला लावला नाही, रडल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "शेवटी तिनं पाणी मागितलं होतं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी नर्स आहे, अशी खोटी उत्तरं मी कितीकांना दिली आहेत.

"नाही. तिला शुद्ध नव्हती. आणि शुद्ध नसताना पाणी पाजता येत नाही, छातीत जाते. म्हणून तोंडात नाही घातलं."

"तीन दिवस?"

"सलाइन होतं. पण तोंडात... नाही."

त्यांनी मान हलवली, जणू एवढंच हवं होतं. आम्ही उठलो. दारात त्या म्हणाल्या, "सांगायला आले, ते चांगलं केलं. आता येऊ नका. एखाद वेळी एकटं कोणी आलं तर चालेल... पण दोघं संगं नका येऊ. मला बघवणार नाही."

पाण्याचे ग्लास तसेच राहिले होते, भरलेले.

आम्ही दोघांनी वेगवेगळे जबाब लिहून दिले, जे घडलं ते सगळं. आयोजकांनी दोन्ही फाइलला लावले आणि निष्कर्ष लिहिला, अतिउष्णतेमुळे झालेली दुर्दैवी घटना. सचिवांना कोणी काही विचारलं नाही. मला हॉस्पिटलमधून एक मेमो आला, त्याचं उत्तर मी दिलं, आणि नोकरी राहिली. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची तारीख जाहीर झाली. मेमधलीच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. पाऊस अजून कुठंच नव्हता, दुपारची एकची बस होती. बस स्टँडवर मी गेले, त्यानं बोलावलं नव्हतं तरी. त्याच्याजवळ एक लोखंडी पेटी आणि एक पिशवी होती. त्याची आई मागाहून येणार होती.

"तू येशील?" त्यानं परत विचारलं.

"नाही."

"काहून?"

"तुम्ही कधी हसलात तर मला वाटेल, आपण हसून राहिलो आणि ती... आणि तुम्हाला पण वाटेल. मी तुमच्या ताटात पोळी वाढीन आणि तुम्ही मला बघाल. आयुष्यभर असंच बघाल."

त्यानं 'नाही' म्हटलं नाही. खोटं बोलायची ताकद आम्हा दोघांतही संपली होती.

"मी कधी म्हटलंच नाही तुला," तो म्हणाला. "भेडाघाटला म्हणणार होतो. मग वाटलं, पक्कं होऊ दे आधी..."

"मला समजलं होतं."

"तरी पण म्हणायला पाहिजे होतं. माझं प्रेम आहे तुझ्यावर. आत्ता पण."

"माझं पण आहे," मी म्हटलं. इतक्या लोकांत, इतक्या उजेडात मी हे पहिल्यांदा म्हणत होते. शेजारी एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती, तिनं आमच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. "जास्त आहे. कमी झालं असतं तर मी आले पण असते."

कंडक्टरनं हाक मारली. तो चढला आणि माझ्या बाजूच्या खिडकीशी बसला. पत्रा तापलेला होता, खिडकीला पडदा नव्हता, ऊन सरळ त्याच्या चेहऱ्यावर पडत होतं. त्यानं डोळे बारीक केले, पण माझ्यावरून काढले नाहीत. डोक्यावर काही नव्हतं. बालाघाटपर्यंत सहा-सात तास लागतात.

बसचं इंजिन सुरू झालं. मी खिडकीजवळ गेले.

"ही उन्हाची बाजू आहे," मी म्हटलं. "तिकडे बसा. त्या बाजूला सावली राहील."

"असू दे. इथून तू दिसते."

"चंद्रशेखर," मी म्हटलं. नुसतं नाव मी कधी घेतलं नव्हतं. "ऐका माझं. तिकडे बसा."

तो उठला, पिशवी उचलली, आणि पलीकडच्या सावलीतल्या सीटवर जाऊन बसला. तिथून त्याला मी दिसत नव्हते. मलाही तो दिसला नाही... बस वळून रस्त्याला लागली तेव्हा त्या रिकाम्या खिडकीत नुसतं ऊन होतं.

मी घड्याळ पाहिलं. दोनची ड्यूटी होती.